सोळावा नट

दुपारचा दीड वाजला होता. औषधवाल्यांच्या मागच्या अंगणात त्यांची गाडी जॅकवर एक पाय वर करून उभी होती, तिच्या पुढच्या डाव्या चाकाचे चारही नट गायब होते, आणि बरोबर चार वाजता त्यांच्या बायकोची, म्हणजे सगळ्यांच्या वहिनींची, ड्रायव्हिंगची परीक्षा होती.

नट हरवले असं म्हणणंही तसं खरं नाही. ते कुठे गेले हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते पन्नास किलोमीटर लांब एका औषध कंपनीच्या टेम्पोत, सीलबंद खोक्यात बसून निघाले होते. फक्त ते परत कसे आणायचे हे कुणाला ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. परीक्षा घेणारे साहेब गावभर प्रसिद्ध होते. गाडी मैदानात आली की ते आधी तिच्याभोवती फेरी मारायचे, हात पाठीमागे बांधून, आणि प्रत्येक चाकापाशी वाकून नट मोजायचे. एका बिचारीला त्यांनी मागचा दिवा लागत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हा औषधवाल्यांनी आदल्या संध्याकाळी ठरवलं, की बायकोच्या गाडीचं चाक न् चाक, नट न् नट आरशासारखा दिसला पाहिजे. पहिलं चाक काढलं. नट रॉकेलमध्ये धुतले, पुसले, वाळवले आणि धूळ बसू नये म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यात घालून झाकणाला चिकटपट्टी लावली. तेवढ्यात जेवायची हाक आली. उरलेली तीन चाकं सकाळी करू म्हणाले. सकाळी दुकानात रांग लागली.

आता या माणसाचा स्वभाव सांगायला हवा. पुढे दुकान, मागे घर, आणि दोन्हीकडे नियम एकच. चिठ्ठीशिवाय गोळी नाही. आणि मुदत संपलेलं औषध दिसलं रे दिसलं की उचलायचं आणि मधल्या बोळातल्या खोक्यात टाकायचं, मग ते कुणाचंही असो. हा दुसरा नियम त्यांनी घरातल्यांच्या डोक्यात इतका भरला होता, की त्यांच्या आईंनी सकाळी पायरीवर तो डबा पाहिला, चष्मा लावला, बारीक अक्षरातली तारीख वाचली, मुदत संपून दोन महिने झालेत हे पाहून मान हलवली आणि डबा खोक्यात टाकला. अकरा वाजता मुदत संपलेली औषधं परत नेणारा कंपनीचा माणूस आला, खोकं सील केलं, सही घेतली आणि गेला.

"आई, अगं त्यात नट होते."

"मला काय माहीत? हलवून पाहिला, गोळ्यांसारखाच वाजला."

"झाकण उघडून बघायचं ना."

"औषधाचं झाकण उगाच उघडू नये, असं कोण म्हणतं?" आई म्हणाल्या. तसं औषधवालेच म्हणत.

त्यांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "सील आता कंपनीतच फुटणार. दोघांच्या सह्या लागतात. तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही स्वतः किती कडक आहात." त्याच्या जागी औषधवाले असते तर त्यांनी शब्दही न बदलता हेच सांगितलं असतं.

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या चिडल्या नव्हत्या, आणि औषधवाल्यांना त्याचीच भीती वाटत होती. परीक्षेची ही तिसरी खेप होती. शिकाऊ परवान्याची मुदत गुरुवारी संपत होती, म्हणजे आज हुकलं की सगळं पहिल्यापासून. आणि परवाना काही मिरवायला नको होता त्यांना. दुकानाच्या वरच्या अंगाला मोठा चढ आहे. तिथे राहणारी म्हातारी माणसं औषधासाठी तो चढ धापा टाकत चढतात-उतरतात. त्यांना औषध घरपोच द्यायचं, गरज पडली तर माणसालाही गाडीत घालून आणायचं, ही वहिनींची कल्पना. वर्षभर त्या तिच्यामागे लागल्या होत्या. "आधी परवाना काढ, मग बघू," असं औषधवाले म्हणाले होते.

"बाकीच्या तीन चाकांचा एकेक काढला तर?" आईंनी सुचवलं.

"मग प्रत्येक चाकाला तीनच राहतील, आई. साहेब मोजतात," वहिनी म्हणाल्या.

"काळजी करू नकोस," औषधवाले म्हणाले. "नटच ते. दहा मिनिटांत आणतो."

स्पेअरपार्टचं दुकान चार पावलांवर होतं. ते चालवणाऱ्यांना सगळे स्पेअरवाले काका म्हणत. काका साठीचे, वरच्या चढावर राहणारे आणि औषधवाल्यांचं महिन्याचं गिऱ्हाईक. पण त्या आठवड्यात दोघांमध्ये जरा बिनसलं होतं. काका आपली रक्तदाबाची गोळी घ्यायला आले होते, चिठ्ठी घरी विसरून.

"ती नेहमीची हो, पांढरी, गोल," काका तेव्हा म्हणाले होते.

"पांढऱ्या गोल गोळ्या माझ्याकडे चारशे आहेत. चिठ्ठी आणा," औषधवाल्यांनी सांगितलं होतं. काका चढ चढून घरी गेले आणि घाईत विजेचं बिल घेऊन आले. औषधवाल्यांनी त्यांना पुन्हा पाठवलं.

त्याच काकांसमोर औषधवाले आता धापा टाकत उभे राहिले. "चाकाचे नट द्या. चार."

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. "कोणते?"

"चाकाचे हो. ते नाही का, चंदेरी असतात. षटकोनी."

काकांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं समाधान पसरलं, की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. "चंदेरी षटकोनी नट माझ्याकडे चारशे आहेत," ते म्हणाले. "नमुना आणलाय?"

"नमुना कशाला? चाकाचा बोल्ट मोजलाय मी. बारा मिलिमीटर."

"बारा ही जाडी झाली. नटाच्या आतले आटे कसे आहेत? दीडचे की सव्वाचे? आटे लांब लांब असतात, जवळ जवळ असतात. तुमच्या गाडीला अजून बारा नट आहेत ना? त्यातला एक काढून आणा."

"काका, वेळ नाही हो. बारा म्हणजे बारा. कंटेंट एक असला की कंपनी कुठलीही चालते. तीस वर्षं मी गिऱ्हाइकाला हेच सांगतोय."

"गोळी पोटात विरघळते, औषधवाले. नट विरघळत नाही," काका म्हणाले. पण समोरचा ऐकेना, तेव्हा त्यांनी जास्त खपणारे चार काढून दिले. "बसले नाहीत तर परत आणा. आणि तेव्हा नमुना घेऊन या."

घरी येऊन औषधवाल्यांनी चाक चढवलं आणि पहिला नट लावला. दोन वेढे छान गेला आणि मग जो अडला तो अडलाच. त्यांनी पाना उचलला.

"अहो, पान्याला हात लावू नका," वहिनी म्हणाल्या.

"जरा जोर लावला की जाईल. नवा आहे ना."

"नवी चप्पलसुद्धा आधी चावते. लाव जोर," आई पायरीवरून म्हणाल्या.

"नट आधी बोटानं फिरला पाहिजे," वहिनींनी ठामपणे सांगितलं. "बोटानं फिरत नाही तो पान्यानं दामटला तर आतले आटे कायमचे जातात. मग नुसता नट नाही, सगळंच बदलावं लागतं. पान एकोणतीस."

पान एकोणतीस म्हणजे वाहनचालकांच्या माहितीपुस्तिकेचं. ही पुस्तिका औषधवाल्यांनीच बायकोला आणून दिली होती. पहिल्या पानावर 'यशासाठी शुभेच्छा' असं लिहिलं होतं, आणि त्यापुढचं एकही पान स्वतः उलटलं नव्हतं. वहिनींनी मात्र ती दोनदा वाचून काढली होती. औषधवाल्यांनी मुकाट्यानं पाना खाली ठेवला, नट उलटा फिरवून काढला आणि काकांनी सांगितलं होतं ते केलं. पुढच्या उजव्या चाकाचा एक नट सोडवला, नमुना म्हणून खिशात टाकला आणि पुन्हा निघाले. जाताना मान खाली होती.

या वेळी काका जेवायला घरी गेले होते. गल्ल्यावर काकू होत्या. औषधवाल्यांना हायसं वाटलं, कारण काकांचा तो समाधानी चेहरा पुन्हा बघायची त्यांची तयारी नव्हती. काकूंनी नमुन्याचे आटे जुळवून पाहिले. "हे दीडचे. आणि बूड कसं हवं? निमुळतं, गोल, की चपटं?"

"बुडानं काय फरक पडतो?"

"ह्यांना विचारायला हवं. येतीलच अर्ध्या तासात."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत होते. औषधवाल्यांनी काकूंच्या हातातला नमुना घेऊन परत खिशात टाकला. "काकू, कॅप्सूल असो की गोळी असो, आत औषध तेच असतं. वरचं रूप काहीही असू दे. ते बघा, ते गोल बुडाचे द्या. गुळगुळीत आहेत, सरकन बसतील."

आणि खरंच ते सरकन गेले. बोटानं गरगर फिरले. औषधवाल्यांनी एकापाठोपाठ एक, घड्याळाच्या काट्यासारखे गोलाकार आवळले, जॅक उतरवला आणि कमरेवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "बघ, झालं की नाही."

वहिनी चाकापाशी बसल्या. त्यांनी नट नीट निरखला. मग औषधवाल्यांच्या वरच्या खिशातून गोळ्यांची रिकामी पट्टी काढली आणि तिची कड नटाच्या बुडाखाली सरकवली. पट्टी आरामात आत गेली.

"चाकाचं भोक निमुळतं आहे, आणि हा गोल," त्या म्हणाल्या. "हा बसलेला नाही. नुसता कडेवर टेकलाय."

"पण घट्ट आहे."

"आत्ता घट्ट आहे. वळणावर सैल होईल."

वहिनी पायरीवर जाऊन बसल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण डोळे भरून आले होते. "मी दोनदा नापास झाले. पहिल्यांदा तुम्ही मैदानाच्या कुंपणावर चढून 'गिअर, गिअर' म्हणून हातवारे करत होतात. साहेब माझ्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघत राहिले. दुसऱ्यांदा तुम्ही मला धीर येण्याचं सिरप पाजलंत आणि मी लाल सिग्नलला जांभई देत पुढे निघून गेले. आज तिसऱ्यांदा. अहो, तुम्ही मदत करू नका ना. एवढंच हवंय मला."

औषधवाल्यांनी खिशातला नमुन्याचा नट काढून बायकोच्या हातावर ठेवला. "मी चाक मोकळं करून ठेवतो. तू जा," ते म्हणाले.

काका नुकतेच जेवून येऊन बसत होते. वहिनींनी नट पुढे केला आणि म्हणाल्या, "काका, ह्यासारखे चार. आटे हेच, बूड हेच, चाक साधं लोखंडी. गाडी छोटी, चार नटांचं चाक."

"याला म्हणतात चिठ्ठी," काका म्हणाले. त्यांनी नमुना गल्ल्यावरच्या एका बोल्टवर फिरवून बसवला, शेजारी एक नवा नट बसवून बुडाचा उतार डोळ्यांजवळ धरून ताडला आणि तसे चार मोजून कागदात बांधले. मग पुडी हातात तशीच धरून ते म्हणाले, "मिस्टर घरीच आहेत?"

"चाकापाशी बसलेत. तुम्हाला त्यांनी त्या दिवशी दोनदा चढ चढवला, नाही का? माफ करा हो. आहेत तसे हट्टी."

"मी खूप शिव्या दिल्या त्यांना. मनातल्या मनात," काका म्हणाले. "पण शेवटी चिठ्ठी सापडली तेव्हा कळलं. डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच माझी गोळी निम्मी केली होती. मी जुनीच मागत होतो. ती दिली असती तर दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन या चढावर पडलो असतो."

"मला बोलले नाहीत ते."

"ते कशाला बोलतील? मला एवढंच म्हणाले, चिठ्ठी आणलीत ते बरं झालं. वहिनी, माणूस वैताग आणतो, पण जीव लावून वैताग आणतो. त्यांना सांगू नका हे. आधीच कमी नाहीत ते."

वहिनींना हसू आलं, आणि त्या हसण्यात मघाचा राग बराचसा विरघळून गेला. घड्याळाकडे नजर गेली तशा त्या पुडी घेऊन धावतच सुटल्या.

घरी त्यांनी पाना कुणाला घेऊ दिला नाही. चारही नट आधी बोटानं फिरवले, मग पान्यानं आवळले, एकाला लागून दुसरा नाही, तर एकानंतर त्याच्या समोरचा. जॅक उतरवून पुन्हा एकदा आवळले. औषधवाल्यांनी पट्टीची कड बुडाखाली घालून पाहिली. ती आत जाईना, तेव्हा त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. साडेतीन वाजून गेले होते. वहिनींनी हात धुतले आणि गाडीत बसल्या. शिकाऊ माणसाला एकट्यानं गाडी नेता येत नाही म्हणून औषधवाल्यांना शेजारी बसणं भाग होतं.

"तोंड उघडायचं नाही," वहिनींनी बजावलं.

"नाही."

"हात मांडीवर."

औषधवाल्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. सगळ्या रस्त्यात ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय पुढे जायचा आणि तिथे नसलेला ब्रेक दाबायचा.

दोघं मैदानात पोचले तेव्हा चारला पाच कमी होते. साहेब आले, हात पाठीमागे बांधले आणि फेरीला निघाले. दिवे पाहिले. हॉर्न वाजवून घेतला. पुढच्या डाव्या चाकापाशी वाकून पुटपुटले, "चार." मागच्या डाव्यापाशी, "आठ." मागून वळसा घालून, "बारा." औषधवाले अभिमानानं छाती काढून उभे होते. साहेब पुढच्या उजव्या चाकापाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"पंधरा," ते म्हणाले.

वहिनींनी वाकून पाहिलं. नमुना. या चाकाचा काढलेला नमुना काकांच्या गल्ल्यावरच्या बोल्टवर बसलेला होता आणि तो कुणालाच आठवला नव्हता.

"एक नट कमी आहे, बाई," साहेब म्हणाले. "जवळ जादा आहे का एखादा? असेल तर लावा आणि चला. मागे सहा गाड्या आहेत."

जादा नट होता. एक नाही, आठ होते. औषधवाल्यांच्या दोन्ही खिशांत दुपारची सगळी खरेदी खुळखुळत होती. त्यांनी हात घातला तेव्हा गोल बुडाचा एक गुळगुळीत नट बोटांत आला. आटे बरोबर होते. बोटानं गरगर फिरला असता. साहेब फक्त मोजत होते, बुडाखाली पट्टी घालून बघणार नव्हते. एका मिनिटाचं काम, आणि वहिनींची परीक्षा सुरू. नाहीतर गुरुवारी परवाना गेला.

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. "आहे," औषधवाले साहेबांना म्हणाले आणि तळहात उघडला. "लागेलसुद्धा. पण चालणार नाही."

"का? तसाच तर दिसतोय."

"दिसायला तसाच आहे साहेब, बूड वेगळं आहे. हा बसत नाही, टेकतो." त्यांनी नटाच्या बुडावर बोट टेकवलं. "हा लावून हिला मी गाडी चालवू देणार नाही. परीक्षा राहिली तरी चालेल." मग घाबरून बायकोकडे वळून म्हणाले, "बोललो. सांगितलं होतंस तोंड उघडू नका म्हणून."

"या वेळी बरं केलंत," वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं, पण ते नापास होण्याचं नव्हतं. तीस वर्षं गिऱ्हाइकांना वैताग देणारा हा माणूस त्यांना त्या क्षणी फार आवडला.

साहेबांनी तो नट हातात घेऊन फिरवून पाहिला आणि परत दिला. "मी पाचपर्यंत इथे आहे," ते म्हणाले. "तुमचा नंबर शेवटी लावतो. योग्य तो नट घेऊन या."

औषधवाले फाटकाकडे पळाले. रिक्षा दिसेना, आणि वहिनींना गाडी सोडून जाता येईना. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंना बघत असताना एक स्कूटर त्यांच्या पायाशी येऊन थांबली. हेल्मेटमधून काकांचा आवाज आला. "नमुना राहिला की माझ्याकडे. घरी गेलो, तर आई म्हणाल्या मैदानात गेलात."

"काका, दुकान?"

"हिला बसवलंय. मी चिठ्ठी विसरलो की तुम्ही मला चढ चढवता. म्हटलं, तुम्ही विसरलात तर आपण निदान उतार उतरावा." त्यांनी खिशातून नट काढून दिला. तो अजून त्या बोल्टवरच होता. घाईत ते बोल्टसकट घेऊन आले होते.

वहिनींनी नट सोडवून चाकावर लावला. आधी बोटानं, मग पान्यानं. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. "आधी बोटानं का?" त्यांनी विचारलं.

"आटे जुळले की नाही ते बोटाला कळतं, पान्याला कळत नाही," वहिनी म्हणाल्या. पुस्तिकेत हे असं लिहिलेलं नव्हतं. हे त्यांचं त्या दुपारचं होतं.

मग त्या साहेबांना शेजारी बसवून मैदानात गेल्या. काकांनी औषधवाल्यांना भिंतीच्या आडोशाला नेलं आणि कोपरापाशी घट्ट धरून ठेवलं. "कुंपणावर चढायचं नाही," ते म्हणाले. "हालचाल करायची नाही. मलाही डॉक्टरांनी धडधड होऊ देऊ नका म्हणून सांगितलंय."

वीस मिनिटांनी गाडी परत आली आणि रेघेच्या आत, सरळ, अलगद थांबली. साहेब उतरले, कागदावर सही केली आणि म्हणाले, "मागे तुमच्यासोबत कुणीतरी हातवारे करणारे गृहस्थ होते ना? आज कुंपणावर दिसले नाहीत."

"आज ते नट सांभाळत होते," वहिनी म्हणाल्या.

त्या पास झाल्या. घरी येताना औषधवाले शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि आता बोलायची परवानगी मिळूनही त्यांना काही सुचत नव्हतं. शेवटी दाराशी आल्यावर म्हणाले, "छान चालवलीस." एवढंच. पण सव्वीस वर्षांच्या संसारात वहिनींना एवढ्याचा अर्थ बरोबर कळत होता.

कॅल्शियमच्या डब्याचं काय झालं म्हणाल, तर तो महिन्याभरानं कंपनीकडून परत आला. सोबत पत्र होतं. 'आपण पाठवलेल्या चार गोळ्या आमच्या उत्पादनाशी जुळत नाहीत. वजन जास्त, कठीणपणा फार. शिवाय मुदत संपलेली आहे.' आईंनी चष्मा लावून पत्र वाचलं, डब्यावरची तारीख पाहिली आणि डबा उचलून पुन्हा खोक्याकडे निघाल्या. वहिनींनी तो त्यांच्या हातातून वरच्यावर काढून घेतला.

त्याच दिवशी दुपारी काका दुकानात आले. महिन्याची गोळी संपली होती. त्यांनी दोन्ही खिसे चाचपले, मग पुन्हा चाचपले, आणि हताशपणे म्हणाले, "औषधवाले, आता तरी. तुम्हाला माहितेय कोणती ती."

औषधवाल्यांना माहीत होतं. निम्म्या ताकदीची, पांढरी, गोल. त्यांनी कपाटाकडे पाहिलं आणि मग काकांकडे पाहिलं. त्या मैदानातली स्कूटर त्यांच्या डोळ्यांसमोर आली असणार. पण नियम तो नियम.

"काका," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मागच्या महिन्यात बदलली, या महिन्यात पुन्हा बदलली असेल तर? चिठ्ठी आणा."

काकांनी एक निःश्वास टाकला आणि दाराबाहेर त्या चढाकडे पाहिलं. आतून वहिनी हात पुसत आल्या. खिळ्यावरची किल्ली काढली.

"चला काका, बसा गाडीत," त्या म्हणाल्या. "मी वर नेते आणि परत आणते."

औषधवाले बरोबर येतो म्हणाले नाहीत. गल्ल्यामागे उभे राहून ते नुसते बघत होते. वहिनींनी गाडी काढली, आरशात पाहिलं, दिवा दाखवला आणि चढाला लावली. गाडी वळणाआड जाईपर्यंत इकडे औषधवाल्यांचा उजवा पाय गल्ल्याखाली ब्रेक दाबत होता.